उभी राहिलेली फरशी

“मॅडम, कपाळावर आठ्या तीनच का पडतात? तीस का नाही पडत?”

प्रश्न दिपमालाच्या तोंडून सुटला आणि वर्गातला पंखासुद्धा दचकून थांबलाय की काय असं वाटलं. मागच्या बाकावर मोहिनीने ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला. पैज तिचीच होती. जळगावच्या या उन्हाळी विज्ञान शिबिरात आज इंजिनिअरिंग कॉलेजच्या भिरूड मॅडम बोलायला आल्या होत्या, आणि दारातून आत आल्या त्याच कपाळावर आठ्या घेऊन. नांगराच्या तासांसारख्या सरळ, ठसठशीत तीन आठ्या. मोहिनी दिपमालाच्या कानाशी लागली होती, “हिंमत असेल तर विचार, आठ्या तीनच का. विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातली शेवभाजी तुझी.”

मोहिनीच्या आईच्या हातची शेवभाजी म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. पण खरं सांगायचं तर शेवभाजी नसती तरी दिपमालाने विचारलंच असतं. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी एवढी भित्री होती की हजेरीत तिचं नाव आलं की ‘हजर’ मोहिनी म्हणायची. मग स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, बाईंनी समोर दिसली म्हणून दिपमालाच्या हातात माईक दिला, आणि त्या दिवशी तिला शोध लागला की आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तेव्हापासून तो आवाज काही केल्या आत बसायला तयार नव्हता.

शिबिराचे सर खुर्चीतून अर्धवट उठले. “ए मुली, हा काय चावटपणा आहे?”

“थांबा सर,” भिरूड मॅडम म्हणाल्या. त्या शांतपणे दिपमालाच्या बाकापाशी आल्या आणि वाकून आपलं कपाळ तिच्यासमोर धरलं. “नीट मोज. तीनच आहेत?”

दिपमालाने खरंच मोजल्या. “चार, मॅडम.”

“चौथी तू आत्ता पाडलीस.”

सगळा वर्ग खिदळला. मॅडमही हसल्या, आणि हसताना त्यांचं कपाळ एकदम सपाट झालं. हसू ओसरलं तशा आठ्या परत आल्या, जिथे होत्या अगदी तिथेच. दिपमाला बघतच राहिली. पैजेसाठी विचारलेल्या प्रश्नात आता तिलाच रस वाटायला लागला होता.

“या प्रश्नावर मी माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली आहेत,” मॅडम म्हणाल्या. “फक्त माझ्या प्रयोगात कपाळ नव्हतं. वर एक पातळ पत्रा होता आणि त्याच्या खाली मऊ थर. पण हिशेब तोच. सर, ती लग्नपत्रिका जरा द्या.”

लगीनसराई होती, सरांच्या टेबलावर पत्रिकांचा ढीगच होता. मॅडमनी एक लांबट, जाडसर पत्रिका उलगडून टेबलावर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना बोटं लावली.

“मी हिला सरळ आडवी दाबतेय. वर कोणी ओढतंय?”

“नाही,” वर्ग म्हणाला.

“खालून कोणी ढकलतंय?”

“नाही.”

मॅडम दाबत राहिल्या. पत्रिका तशीच पडून राहिली. बोटांची नखं पांढरी झाली, तरी ती हलली नाही. आणि मग, कोणाचीही पापणी लवायच्या आत, टप्पकन तिच्या पोटाची कमान होऊन ती वर उठली.

“बघितलंत? मघापासून ती सोसत होती. वाकत नव्हती, कुरकुरत नव्हती. प्रत्येक पातळ वस्तूची सोसण्याची एक हद्द असते. त्या हद्दीपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. हद्द ओलांडली की तिला आडवं जायला जागा नसते, म्हणून ती वर जाते. खालून कोणी न ढकलता.”

 मोहिनी मागून कुजबुजली, “शेवभाजी तुझी गं बाई, बस आता.” पण दिपमालाला ते ऐकूच आलं नाही. खालून कोणी न ढकलता. तिच्या डोळ्यांपुढे पत्रिका नव्हतीच. तिला दिसत होता एरंडोलच्या घरातला हॉल.

एरंडोलला गावाच्या कडेला त्यांचं खळं होतं. त्या जागेवर पप्पांनी नवीन घर बांधलं. खळ्यात एक जुनी विहीर होती, दिपमालाच्या आजोबांनी, झुलाल आबांनी, तरुणपणी आजीच्या सोबतीने खणलेली. बेबाबाई आजी जाऊन बरीच वर्षं झाली, विहिरीचं पाणी तर त्याच्याही आधी आटलं. घराचं ठरलं तेव्हा आबाच म्हणाले, बुजवा. मुरूम पडला, दगड पडले, वर काँक्रीट आलं, आणि विहिरीच्या तोंडावर नेमका हॉल आला. तिथेच आबांची खाट टाकली.

फरशी बसवली ती ऐन थंडीत, सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावायची भीती वाटायची अशा दिवसांत. आईची एकच अट होती, फट कुठेही नको. माहेरी असताना भिंतीकडच्या फटीतून निघालेल्या विंचवाने तिला डंख मारला होता, तेव्हापासून फट दिसली की ती चिंधी कोंबून बुजवायची. त्यामुळे पुना मिस्त्रीने फरशी अशी बसवली की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुरीचं पातं जायला वाव नाही. सुरी घेऊन तो येईल त्याला दाखवायचासुद्धा. वास्तुशांतीला आलेले पाहुणे वाकवाकून बघायचे आणि आई पदर सावरत म्हणायची, “मुंगीलाबी रस्ता नही.”

मग मे महिना आला. आपल्याकडचा मे, दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसणारा. गेल्या आठवड्यात एका दुपारी आबा खाटेवर आडवे झाले होते आणि हॉलमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. सगळे धावले. आबांच्या खाटेशेजारी दोन फरश्या जमिनीवरून उठून एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या होत्या. तंबूसारख्या. एकीलाही तडा नव्हता. आणि जागा विहिरीच्या बरोबर वर.

आबांनी त्या तंबूकडे पाहिलं. मग म्हणाले, “ती वर यी ऱ्हायनी.” एवढंच. तांब्या उचलला, दुसरं धोतर खांद्यावर टाकलं आणि ते मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेले ते परत आलेच नाहीत. पप्पांनी हात जोडले, आई रडली, चुलत काकांनी समजावलं. आबांचं एकच, “मीच बुजाडी तिले. ती राग काढी ऱ्हायनी.” गावातले लोकही काही कमी नव्हते. कोणी म्हणालं शांत करा, कोणी म्हणालं विहिरीवर घर बांधूच नये. पप्पांनी पुना मिस्त्रीला नको नको ते बोलून घेतलं आणि धुळ्याहून दुसरा मिस्त्री ठरवला.

पण दिपमालाला भीती वेगळीच होती. मागच्या उन्हाळ्यात याच आबांना ऊन लागलं होतं. दवाखान्यात सलाइन चढत होतं आणि ते तिला ओळखत नव्हते. आता ते पत्र्याखाली झोपत होते, आणि खरा तडाखा तर अजून पुढेच होता.

“आता गंमत बघा,” वर्गात मॅडम सांगत होत्या. शिक्षकांसाठी आलेल्या चहाचा कप त्यांनी पुढे घेतला. बोलण्याच्या नादात चहा निवला होता आणि वर साय धरली होती. “सगळ्या जवळ या. ही साय म्हणजे आपली पत्रिका. पण पत्रिकेला खालून धरून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून एकच मोठी कमान झाली. सायीखाली चहा आहे. आता हिला ढकल.” त्यांनी पेन्सिल दिपमालाच्याच हातात दिली.

दिपमालाने पेन्सिलीने साय हळूच एका बाजूला लोटली. सायीवर सुरकुत्या उमटल्या. एक नाही, दोन नाही, बारीक बारीक, एकीशेजारी एक, जणू कोणी निऱ्या घातल्या होत्या. आणि सगळ्यांमधलं अंतर सारखं.

“कोणी आखल्या या?” मॅडमनी विचारलं.

मुली कपावर आणखी वाकल्या.

“दोघांचं भांडण आहे हे. साय म्हणते, मला फार वाकवू नका, एकच लांब लाट करा. खालचा चहा म्हणतो, लांब लाट म्हणजे मला उंच उचलावं लागणार, ते नको, छोट्या छोट्या करा. दोघांचं जिथे जमतं, तेवढ्या रुंदीची लाट होते. साय जाड असली की लाट रुंद. खालचा थर घट्ट असला की लाट अरुंद. तुझ्या मैत्रिणीच्या कपाळाची कातडी आणि माझी यात फरक आहे, म्हणून आठ्यांतही फरक. तीन की तीस, ते कातडी आणि तिच्या खालचा थर दोघं मिळून ठरवतात. कपाळाच्या मालकिणीला कोणी विचारत नाही.”

मुली हसल्या. मॅडमच्या आवाजाला मात्र आता वेगळीच ऊब आली होती, आवडत्या माणसाबद्दल बोलताना येते तशी. त्या सांगत गेल्या, की हाच हिशेब विमानाच्या पंखाचा पत्रा करतो. रेल्वेचा रूळ उन्हात सापासारखा वळतो तेव्हा हाच. हिमालयातल्या खडकांच्या घड्या पडल्या त्यातही हाच, फक्त तिथे दाबायला अख्खी जमीन होती आणि वेळ लाखो वर्षांचा. आणि आईच्या पोटात बाळाचा मेंदू वाढतो ना, त्याच्यावरच्या वळ्यासुद्धा काहीशा याच रीतीने पडत असाव्यात असं काही शास्त्रज्ञ मानतात.

दिपमालाने कपातल्या सायीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, उन्हात पांढऱ्या पडलेल्या आकाशाकडे. हिमालय आणि चहाची साय. तिला एकदम वाटलं की आपण एवढी वर्षं या जगात राहिलो ते डोळे मिटूनच. एवढा मोठा कायदा, आणि तो कपबशीत बसून आपली वाट बघत होता.

शिबिर सुटलं. मुली पाण्याच्या टाकीकडे पळाल्या. दिपमाला मात्र मॅडमच्या मागे मागे गाडीपर्यंत गेली.

“मॅडम, मघाचा प्रश्न पैजेचा होता. आता एक माझा आहे.”

तिने सगळं सांगितलं, विहिरीसकट, आबांसकट. मॅडमनी गाडीचं दार उघडलं होतं ते लावून घेतलं आणि उलट प्रश्न सुरू केले. फरशी कधी बसवली? आवाज कधी झाला? तडे होते का? दोन्ही फरश्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या का? भिंतीजवळ फट किती?

“फट नाहीच मॅडम. मुंगीलाही रस्ता नाही.”

मॅडमच्या कपाळावर आठ्या आल्या आणि मग त्या हसल्या. “तुझं घर म्हणजे माझी प्रयोगशाळा निघाली की. हे बघ. उन्हात प्रत्येक फरशी वाढते. केसाएवढी, पण वाढते. अख्ख्या हॉलची मिळून ती वाढ बरीच होते. थंडीत बसवली तेव्हा ती आखडलेली होती, आणि तेव्हाच तुम्ही तिला भिंतीला भिडवलीत. आता तिने वाढायचं कुठे? चारही भिंती तिला दाबत होत्या, मी पत्रिकेला दाबलं तसं. ती सोसत राहिली. आणि एका दुपारी हद्द संपली.”

“पण मग विहिरीवरच का? एवढा मोठा हॉल आहे.”

“हा खरा प्रश्न,” मॅडम म्हणाल्या. “कारण बाकी सगळीकडे खालच्या थराने फरशीला घट्ट धरून ठेवलं होतं. विहिरीचा भराव थोडा खचला असणार. तिथे पकड सैल पडली. दाब सगळीकडे सारखाच असतो, पण उठायला जागा मिळते ती जिथे खालची पकड सुटते तिथे. घरी जाऊन फरशी बोटांनी ठोकून बघ. पोकळ वाजेल तिथे पकड सुटलीय समज.” मग मघाशी सोबत घेतलेली ती लग्नपत्रिका त्यांनी पर्समधून काढून तिच्या हातात ठेवली. “ही घेऊन जा. आजोबांना लागेल.”

धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीत दिपमाला खिडकीशी बसली होती. बांभोरीला गिरणेच्या पुलावर गाडी चढली आणि चाकांखाली खाडकन आवाज झाला. थोड्या अंतराने परत खाडकन. हा आवाज ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि पूल जुना झाला म्हणून खडखडतो असं समजत आली होती. आज तिने खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं. पुलात आडवी फट होती, तिच्यात काळं रबर बसवलेलं. मुद्दाम ठेवलेली. एवढा भरभक्कम पूल, आणि बांधणाऱ्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की बाबा, ऊन लागेल तेव्हा इकडे सरक.

“मान आत घे वं पोरी,” कंडक्टर म्हणाला. “मुंडकं ऱ्हाई जाई इठेच.”

ती मान आत घेऊन हसत बसली. शेजारच्या बाईला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

एरंडोलच्या अलीकडे फाट्यावर ती उतरली. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळून मळ्याची वाट धरली. वावर कापूस निघाल्यापासून मोकळं पडलं होतं आणि काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या. हात आत जाईल एवढ्या. ती एका भेगेपाशी थांबली. दरवर्षी उन्हाळ्यात या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात माती फुगून मिटून जायच्या. म्हणजे जमीनसुद्धा स्वतःसाठी फटी ठेवते. तिला कोणी शिकवलं नाही. दिपमाला त्या भर उन्हात वेड्यासारखी त्या भेगेत बघत उभी राहिली, आणि नंतर चटके बसायला लागले तेव्हा पळत सुटली.

आबा कडुलिंबाच्या सावलीत बसले होते. पत्र्याच्या खोलीत तर आत पाऊल ठेववत नव्हतं. त्यांचे ओठ सुकले होते, डोळे आत गेले होते. आईने सकाळी पाठवलेली भाकरी फडक्यात तशीच होती.

“काय वं दिपू, इतला उन्हमा कसाले उनी?”

“तुमले लेवाले उनू, आबा.”

“मी येवाव नही. बस, पानी पे.”

तिने माठातलं पाणी घेतलं, आधी आबांना दिलं. त्यांनी घोटभर घेतलं. मग तिने पत्रिका काढली, जमिनीवर ठेवली आणि टोकांनी दाबली. पत्रिका टप्पकन उठली. आबांनी भुवई वर केली.

“खालून कोनी ढकलं का, आबा?”

“हाऊ कागद शे. फरशी नही.”

“फरशी उन्हात वाढते आबा. वाढायला जागा मिळाली नाही म्हणून उठली.”

 मग लिंबाला टेकवून ठेवलेल्या बैलगाडीच्या जुन्या चाकाकडे त्यांची नजर गेली. चाकाला लोखंडी धाव होती. “लोहार हाई धाव तपाडीसन चढावस,” ते सावकाश म्हणाले. “तपनी का मोठी व्हस. मंग थंडी व्हयनी का चाकले आवळी लेस. हाई माले म्हाईत शे.” त्यांनी धावेवरून बोट फिरवलं. “फरशीबी तशीच?”

“तशीच. फक्त लोखंडापेक्षा कमी.”

“बरं. मंग बठ्ठा घरमा तठेच कशी उठनी? तिना डोकावरच?”

हाच तो खरा प्रश्न, अख्ख्या घरात विहिरीवरच का. मॅडमनी सांगितलेलं सगळं दिपमालाच्या जिभेवर होतं, पण ते आबांना कसं सांगायचं हे तिला कळेना. पकड, भराव, आधार. शब्द सगळे होते, पण आबांच्या डोळ्यांत विहीर होती. तिने पत्रिका परत सपाट केली.

“आबा, दोन्ही हात ठेवा हिच्यावर. पंजे पसरून. घट्ट धरा.”

आबांनी आपले राकट पंजे पत्रिकेवर ठेवले. ते हात अख्खी पत्रिका झाकून बसले. दिपमालाने दोन्ही टोकांना बोटं लावून दाबलं. काही झालं नाही. तिने जोर केला. काहीच नाही.

“आता डावा हात उचला. थोडाच.”

आबांनी हात उचलला मात्र, पत्रिका त्या जागी टप्पकन वर आली आणि त्यांच्या तळव्याला लागली. आबा दचकले. उजव्या हाताखाली पत्रिका अजून सपाटच होती.

दोघं त्या छोट्याशा कमानीवर वाकले. लिंबाची पानं हलत नव्हती. दूर कुठेतरी पाण्याची मोटार घरघरत होती. दिपमालाला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं पाहतोय, आणि ते आबांच्या हाताखाली घडतंय.

“म्हनजे तिनी ढकली नही,” आबा म्हणाले.

“नही आबा. तिनी फक्त हात सोडा. तुम्ही उचलला ना, तसा.”

आबांनी आपला उचललेला हात तसाच हवेत धरला होता. त्यांनी तो उलटा करून पाहिला. 

“कितला दिन धरी ती,” ते स्वतःशीच बोलले. “बठ्ठा घरनं वझं. तुनी आजी नि मी खंदेल शे ती. पानी लागनं तवय तुनी आजी तळमाच बशी गई, नाचाले जागा नव्हती म्हनीसन.” ते हसले. या आठवड्यात पहिल्यांदा. “मी म्हनू, माले घरबाहेर काढाले उनी.”

“मग चला ना आबा. घरी चला.”

आबांनी मान हलवली, पण ती नाहीची नव्हती, विचाराची होती. “तो धुळानावाला मिस्त्री काय कराव शे?”

दिपमालाला खोटं बोलता आलं नाही. “पप्पा म्हणतात दुप्पट सिमेंट टाकून तिथेच परत दाबून बसवायची. पहिल्यापेक्षा घट्ट.”

“मंग पुढला उन्हाळामा?”

“परत उठेल.”

“तिना उरवर परत दाबीसन फरशी बसाडू नका,” आबा म्हणाले. “हाई तुना बापले सांग. मंग मी सकायमाच येसू.” मग त्यांनी फडकं उलगडलं, भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातात दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

ऊन उतरल्यावर दिपमाला घरी पोचली तेव्हा पप्पा हॉलमध्ये फोनवर बोलत होते. “हो, उद्या दहापर्यंत या. आणि सिमेंट चांगलं घट्ट कालवा. पाणीसुद्धा शिरता कामा नये.” आई कोपऱ्यात विळीवर भेंडी चिरत होती. तंबू मधोमध तसाच उभा होता, त्याच्याभोवती आईने पाट ठेवून कुंपण केलं होतं.

दिपमाला कोणाशी न बोलता गुडघ्यांवर बसली आणि बोटांच्या पेरांनी फरशी ठोकायला लागली. टक, टक, टक. भरीव. ती पुढे सरकत गेली. टक, टक. तंबूच्या जवळ आली तसा आवाज बदलला. ढब. ढब. तिने त्या पोकळ आवाजाची कडा शोधत हात फिरवला. ठोकत ठोकत ती गोल फिरली आणि जिथून निघाली होती तिथेच परत आली.  डोळ्यांना सगळीकडे एकसारखी चकचकीत फरशी दिसत होती, आणि तिच्या बोटांना विहिरीचं तोंड सापडलं होतं.

“काय चाललंय हे?” पप्पांनी फोन ठेवला. “आणि होतीस कुठे इतका वेळ?”

“आबांकडे. पप्पा, इथे ठोका. आता इथे. आई, तूही ये.”

पप्पा आधी चिडलेच, पण पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, म्हणून बसले. ठोकलं. मान तिरकी करून परत ठोकलं. आई ओले हात पदराला पुसत आली आणि तिनेही ठोकलं. मग ते तिघं त्या गोलाभोवती गुडघ्यांवर बसून राहिले. शेजारीण ताट परत द्यायला दारापर्यंत आली, हे दृश्य बघून ताटासकट माघारी फिरली.

दिपमालाने सगळं सांगितलं. थंडी, ऊन, भिंती, पूल, भेगा, आबांचे हात, आणि विहिरीवर परत फरशी नको ही त्यांची अट. कधी उभी राहून, कधी हातवारे करून, मध्येच पत्रिका उडवून. पप्पांनी पत्रिका हातात घेऊन एकदा स्वतः दाबून पाहिली. शेवटी म्हणाले, “म्हणजे पुनाचं काही चुकलं नव्हतं?”

“त्याचं चुकलं, आपलं पण चुकलं. आपणच म्हणालो फट नको. त्याने आनंदाने ठेवली नाही.”

“फट ठेवायची म्हणजे विंचू येणार,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण विळीकडे परत जाण्याची तिची घाई सगळं सांगत होती. “मी या घरात विंचवाला दार ठेवणार नाही दिपू. आणि मधोमध भगदाड ठेवलं तर लोक काय म्हणतील? एवढी सुंदर फरशी.”

“धुळ्याचा माणूस उद्या येतोय,” पप्पा म्हणाले. “त्याला काय सांगू? नववीतल्या पोरीने नकाशा बदलला?”

दिपमाला उठून उभी राहिली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल एवढा मोठा नव्हता. तशी गरजच नव्हती, समोर दोघंच होती.

“हो पप्पा, तसंच सांगा. उद्या तो आला की आधी माझ्याशी बोलेल. भिंतीच्या कडेने चारही बाजूंनी बोटभर फट राहील. त्यात रबरासारखी मऊ भरण भरायची, आई, विंचवाला रस्ता मिळणार नाही आणि फरशीला हलायला मिळेल. आणि आपण आत्ता ठोकून काढला ना, तेवढा गोल मोकळा सोडायचा. त्यावर फरशी बसणार नाही. तिथे माती राहील, दर आठवड्याला मी सारवीन. पाहुण्यांनी विचारलं तर मला बोलवा, मी त्यांना सांगेन. आबा उद्या सकाळी येताहेत, त्यांची खाट त्या मातीच्या काठाला टाकायची. मी हे विचारायला आले नाहीये. मी ठरवलंय.”